घसरलो, आपटलो, कुत्रा चावला… भरपाई कोण देणार? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मोटार अपघाताचे दावे चालवणाऱ्या वकिलाला लग्नाच्या पंगतीतही कुणीतरी हळूच विचारतं, "वकीलसाहेब, एक विचारायचं होतं…" गेल्या काही वर्षांत असे जे प्रश्न पुन्हापुन्हा आले, ते इथे लिहून काढले आहेत. भारतातला, त्यातही महाराष्ट्रातला कायदा आणि इथला रोजचा व्यवहार धरून. आपल्याकडे दुखापतीच्या भरपाईचा एकच कायदा नाही आणि एकच खिडकीही नाही. रस्त्यावरची धडक एका दारात जाते, लोकलमधून पडलेला माणूस दुसऱ्या, हॉस्पिटलमधली चूक तिसऱ्या. प्रत्येक दाराचं घड्याळ वेगळं चालतं. "नशिबात होतं" म्हणून लोक घरी बसतात आणि दार बंद झाल्यावर वकिलाकडे येतात, म्हणून हा खटाटोप.

अपघात झाल्या झाल्या काय करू? आधी वकील गाठू का?

नको. आधी डॉक्टर गाठा आणि डॉक्टरांना खरं सांगा. हे दुसरं वाक्य मुद्दाम लिहितोय. रिक्षाने उडवलेला माणूस पोलिसांचं झंझट नको म्हणून कॅज्युअल्टीत सांगतो, "बाथरूममध्ये घसरलो." डॉक्टर केसपेपरवर तेच लिहितात. चार महिन्यांनी पायात रॉड घालायची वेळ येते, खर्च अडीच लाखांवर जातो आणि मग दावा करायचं सुचतं. इन्शुरन्स कंपनीचा वकील तोच केसपेपर कोर्टापुढे ठेवतो. त्यावर साक्षीदार आणून मात करता येते, पण दर वेळी जमतंच असं नाही. केसपेपरवरची ती पहिली ओळ मी पुढच्या दहा साक्षीदारांपेक्षा मोलाची मानतो.

रस्त्यावरची दुखापत असेल तर एमएलसी (मेडिको-लीगल केस, म्हणजे हॉस्पिटल पोलिसांना कळवतं ती नोंद) करायला सांगा. जागेचे, गाडीच्या नंबरप्लेटचे फोटो काढा. शेजारच्या पानटपरीवाल्याचा किंवा भाजीवाल्या मावशींचा फोन नंबर घ्या; पोलीस येईपर्यंत बघ्यांची गर्दी पांगलेली असते. औषधांची बिलं एका प्लास्टिकच्या पिशवीत टाकत राहा. मेडिकलवाल्याकडून छापील बिल मागायला लाजू नका.

आणखी एक, जे अजून पुष्कळांना ठाऊक नाही: मे २०२५ पासून केंद्र सरकारच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार नेमलेल्या रुग्णालयांत कॅशलेस मिळतात. चूक कोणाची, हे त्यासाठी बघत नाहीत.

जखमीला मीच दवाखान्यात नेलं. पोलीस मलाच अडकवतील का?

नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १३४अ आलं ते याचसाठी. मदत करणाऱ्याला नाव सांगायचीही सक्ती नाही.

समोरचा म्हणतोय, "पाच हजार घ्या, बाहेरच मिटवू." मिटवू का?

खरचटलं असेल तर मिटवा, कोर्टाच्या पायऱ्या झिजवायची हौस कुणालाच नसते. पण डोक्याला, मणक्याला किंवा गुडघ्याला मार असेल तर एमआरआय होईपर्यंत कशावरही सही करू नका. "माझी कोणतीही तक्रार नाही" असं पोलीस चौकीत लिहून दिलेलं अर्धं पान नंतर फार महागात पडतं. लिगामेंट फाटलंय हे कित्येकदा सूज उतरल्यावरच कळतं.

चूक थोडी माझीही होती. मग काहीच मिळणार नाही?

मिळेल, तुमच्या चुकीच्या वाट्याएवढी रक्कम कापून. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाने (अशा दाव्यांच्या खास कोर्टाने) तुमचा वाटा तीस टक्के धरला तर दहा लाखांचे सात मिळतील. पण नियम मोडणं आणि अपघाताला कारण होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ट्रिपल सीट जाणाऱ्या मोटारसायकलला मागून गाडीने ठोकलं, तर केवळ तिघे बसले होते म्हणून भरपाई कापता येत नाही. तिघे बसल्यामुळेच अपघात घडला किंवा मार वाढला, हे दिसायला हवं. सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये हे स्पष्ट केलं. हेल्मेटलाही हाच तर्क लावून बघा: पाय मोडला असेल तर हेल्मेट नव्हतं याचा काय संबंध? डोक्याला लागलं असेल तर मात्र तो मुद्दा समोरून येणारच. (पुणेकरांनी याचा अर्थ हेल्मेटला सूट असा काढू नये.)

ठोकणाऱ्याकडे दमडी नाही. लायसन्ससुद्धा नाही. दावा करून उपयोग काय?

उपयोग आहे, कारण पैसे बहुतेक वेळा त्याच्या खिशातून येतच नाहीत, गाडीच्या थर्ड पार्टी विम्यातून (गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर ते भरणाऱ्या) येतात. लायसन्स नसेल तर कंपनी हात झटकू बघते. अशा प्रकरणांत कंपनीने आधी जखमीला पैसे द्यावेत आणि मग मालकाकडून वसूल करावेत, असा आदेश अनेकदा होतो. विमाच नसेल तर मात्र मालकाच्या मालमत्तेवर जावं लागतं, आणि ते काम रडतखडत चालतं.

अल्पवयीन पोराच्या हातात गाडी दिली असेल तर पालकाला किंवा मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५,००० रुपये दंड आहे, शिवाय गाडीची नोंदणी बारा महिने रद्द. क्लासला जायला स्कूटी काढून देणाऱ्या आईबाबांनी हे फ्रिजवर चिकटवावं.

आणि आपल्याच टू-व्हीलरवर मागे बसलेल्या माणसाला नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत सहसा संरक्षण नसतं, ते पॅकेज पॉलिसीत मिळतं. दोन-चारशे रुपये वाचवताना कोणाला मागे बसवतो, ते आठवून बघा.

दावा कुठे आणि किती दिवसांत करायचा?

मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात. अपघात सोलापूरला झाला आणि तुम्ही राहता ठाण्यात, तर ठाण्यातही दाखल करता येतो. १ एप्रिल २०२२ पासून अपघातानंतर सहा महिन्यांची मुदत लागू झाली आहे. तिला सुप्रीम कोर्टात आव्हान दिलं गेलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कोर्टाने अंतरिम आदेश दिला की सध्या केवळ उशिराच्या कारणावरून अर्ज फेटाळू नयेत. अंतरिम आदेशाच्या भरवशावर कोणी वर्षभर झोपू नये; सहा महिनेच धरून चाला.

पोलिसांनाही आता कामाला लावलं आहे. अपघाताचा पहिला अहवाल ४८ तासांत आणि सविस्तर अहवाल ९० दिवसांत न्यायाधिकरणाकडे जायला हवा, आणि तो अहवालच दावा म्हणून धरता येतो. कागदावर. प्रत्यक्षात तपास अंमलदाराला चारदा फोन करून "साहेब, अहवाल गेला का" विचारावं लागतं, तर विचारा.

भरपाईचा आकडा येतो कुठून? वकील मनाला येईल तो लिहितात का?

दाव्यात काहीही लिहिता येतं, मिळतं ते हिशेबाने. सुप्रीम कोर्टाने २००९ आणि २०१७ च्या दोन निकालांत तो घालून दिला आहे. समजा, ३४ वर्षांचा टेम्पोचालक, महिन्याला वीस हजार कमावतो, नोकरी पक्की नाही. चाळिशीच्या आतल्या अशा माणसाच्या कमाईत पुढच्या वाढीसाठी ४० टक्के मिळवतात: २८,०००. वर्षाचे झाले ३,३६,०००. वर्षाच्या कमाईला ज्याने गुणायचं तो आकडा, म्हणजे गुणक, वयानुसार ठरलेला असतो; ३१ ते ३५ वयाला तो आहे १६. गुणाकार ५३,७६,०००. त्याची कमावण्याची ताकद ४० टक्के गेली असेल तर २१,५०,४००. यावर दवाखान्याचा खर्च, वेदना, आहार, सोबत राहणाऱ्या माणसाचा खर्च वेगळा, आणि व्याजही.

आता यातली मेख. सिव्हिल हॉस्पिटलचं सर्टिफिकेट म्हणतं अपंगत्व ४० टक्के, म्हणून कमाईही ४० टक्केच गेली असं नसतं. डावा हात गेलेला कारकून नोकरी टिकवू शकतो. तोच हात सुताराचा किंवा ड्रायव्हरचा गेला तर धंदाच संपला. सुप्रीम कोर्टाने २०१० मध्ये सांगितलं की शरीराची नाही, कामाची टक्केवारी बघा. म्हणून दाव्यात "मी रोज नेमकं काय काम करत होतो" हे बारीकसारीक लिहा: किती किलोची पोती उचलायचो, किती तास उभा असायचो. या रकान्यात लोक "मजुरी" असा एक शब्द लिहून मोकळे होतात आणि लाखाचे बारा हजार करून घेतात.

मी गृहिणी आहे. माझी कमाई शून्य धरणार का?

नाही. घरकामाला मोल आहे हे सुप्रीम कोर्टाने एकाहून अधिक निकालांत मान्य केलं असून काल्पनिक उत्पन्न धरून हिशेब होतो. तुमच्याबद्दल जबाब देताना नवऱ्याने "ती घरीच असते" एवढंच सांगू नये, इतकं बघा.

मेडिक्लेममधून बिल मिळालं. ते भरपाईतून कापतील का?

कापू नये. प्रीमियम तुम्ही भरला होता, त्याचा फायदा धडक देणाऱ्याला का मिळावा? मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये हाच कौल दिला. मेडिक्लेमला मूळ बिलं देण्याआधी झेरॉक्स मात्र काढून ठेवा.

गाडी ठोकून पळून गेली, नंबरच माहीत नाही.

"हिट अँड रन" योजनेत मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५०,००० रुपये आहेत. अर्ज प्रांत किंवा तहसील कार्यालयाच्या वाटेने जातो. रक्कम तुटपुंजी आहे. म्हणूनच आसपासच्या दुकानांच्या सीसीटीव्हीचं फुटेज लगेच मागा, बऱ्याच डीव्हीआरमध्ये ते आठवड्या-पंधरवड्यात पुसलं जातं.

खड्ड्यात पडून हात मोडला. महापालिकेला कोण विचारणार?

आता हायकोर्टाने विचारलंय. १३ ऑक्टोबर २०२५ च्या आदेशात मुंबई हायकोर्टाने खड्ड्यामुळे किंवा उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूला ६ लाख आणि दुखापतीला ५०,००० ते अडीच लाख रुपये ठरवून दिले. महापालिका आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांची समिती त्यावर निर्णय घेते. पैसे आधी यंत्रणेने द्यायचे आणि मग दोषी अधिकाऱ्याकडून, ठेकेदाराकडून वसूल करायचे. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात द्या. खड्ड्याचा फोटो काढताना शेजारी चप्पल किंवा पाण्याची बाटली ठेवा, खोली कळते. मागे दुकानाची पाटी येऊ द्या, जागा कळते. दुसऱ्या दिवशी तिथे खडी टाकलेली असते, हा नियम मात्र कुठल्याही कायद्यात न लिहिता काटेकोर पाळला जातो.

आणि झाड अंगावर पडलं तर?

इथे जरा अवघड आहे. दिल्लीच्या चांदणी चौकातला घंटाघराचा मनोरा कोसळल्याच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने १९६६ मध्ये म्हटलं की मनोरा आपोआप पडत नसतो, पालिकेने दुर्लक्ष केलं असंच धरू. पण राजकोटला रस्त्याकडेचं झाड पडून माणूस गेला, त्या खटल्यात १९९७ मध्ये पालिकेची जबाबदारी मानली नाही. फरक "आधी कळलं होतं का" याचा. झाड वाळलेलं आहे, फांदी लोंबतेय, असा कुणी लेखी अर्ज दिला होता आणि तो धूळ खात पडला, तर चित्र पालटतं. सोसायटीच्या आवारातलं झाड असेल तर छाटणीसाठी वृक्ष अधिकाऱ्याकडे परवानगीचा अर्ज करून पोचपावती जपणं, हे सेक्रेटरीचं सगळ्यात स्वस्त कवच.

महापालिकेवर दिवाणी दावा लावायचा तर आधी नोटीस द्यावी लागते आणि मुदत फक्त सहा महिन्यांची असते. इतर खासगी माणसाविरुद्ध साधारण तीन वर्षं मिळतात, त्या समजुतीत राहून पुष्कळ दावे बुडतात.

सोसायटीच्या जिन्यात तेल सांडलं होतं, घसरले. पाटी लावली होती, "आपल्या जबाबदारीवर वावरावे".

पाटीने जबाबदारी संपत नाही. प्रश्न असा विचारतात: धोका आहे हे सोसायटीला ठाऊक होतं किंवा असायला हवं होतं का, आणि तो दूर करायला वाजवी वेळ होता का? पाच मिनिटांपूर्वी कुणाच्या तरी पिशवीतून तेल गळलं असेल तर सोसायटीला धरणं कठीण. दोन महिने जिन्याचा दिवा बंद असेल आणि तीन ई-मेल गेले असतील, तर धरता येतं. गॅलरीच्या कठड्यावरची कुंडी खाली पडली तर ती ज्याची, तो जबाबदार. "वारा फार होता" हे पावसाळ्यात कुणी ऐकत नाही.

मॉल, जिम, वॉटरपार्क अशा पैसे भरून गेलेल्या जागी ग्राहक आयोगाचं दारही उघडं आहे. मुदत दोन वर्षं. स्वतःच्या जिल्ह्यात तक्रार करता येते, आणि मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही.

शेजाऱ्यांचा कुत्रा चावला. सहा वर्षं "तो काही करत नाही" असं ऐकतोय.

आधी साबणाने पंधरा मिनिटं वाहत्या पाण्याखाली जखम धुवा आणि त्याच दिवशी लस घ्या. कायद्याचं नंतर. भारतीय न्याय संहितेचं कलम २९१ प्राण्याबाबत हलगर्जीपणा करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड सांगतं. उपचारांच्या खर्चासाठी दिवाणी मार्ग आहे. आधी तो कुणावर धावून गेला होता याची नोंद असेल, अगदी सोसायटीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरची तक्रारसुद्धा, तर मालकाला "आम्हाला कल्पना नव्हती" म्हणता येत नाही.

भटक्या कुत्र्यांचं म्हणाल तर पंजाब-हरियाणा हायकोर्टाने २०२३ मध्ये दाताच्या प्रत्येक खुणेला किमान दहा हजार असा दर लावला. व्हॉट्सअॅपवर तो देशभरासाठी म्हणून फिरतो. तो त्या भागापुरता आहे.

मुलांच्या क्रिकेटचा बॉल लागून आजोबांचा चष्मा फुटला, डोळ्याला लागलं. आईवडिलांना धरता येईल का?

केवळ आईवडील आहेत म्हणून नाही. त्यांनी स्वतः दुर्लक्ष केलं असेल तर. पार्किंगमध्ये लेदर बॉलने खेळू नका असं दोनदा बजावूनही मुलं तिथेच खेळत होती, तर तो मुद्दा होतो. खरं सांगायचं तर अशा भांडणात कोर्टापेक्षा डोळ्यांच्या डॉक्टरांचं बिल त्या घरी नेऊन चहा पिणं जास्त उपयोगी पडलेलं पाहिलंय.

लोकलमधून पडलो. गर्दीत दारात लटकत होतो, म्हणजे चूक माझीच ना?

रेल्वेच्या कायद्यात इथे चूक बघतच नाहीत. १९८९ च्या रेल्वे कायद्याचं कलम १२४अ सांगतं की प्रवासी गाडीतून पडला तर रेल्वेने भरपाई द्यायची. मृत्यूला आठ लाख, दुखापतीला ठरलेल्या तक्त्याप्रमाणे. आत्महत्या, स्वतःहून करून घेतलेली इजा, नशा, गुन्हा हे अपवाद. निष्काळजीपणे दारात उभं राहणं म्हणजे स्वतःहून इजा करून घेणं नव्हे, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये म्हटलं. तिकीट किंवा पास सापडला नाही एवढ्याने दावा संपत नाही, पण तुम्ही खरे प्रवासी होता हे शपथपत्राने आणि पुराव्याने दाखवावं लागतं. रूळ ओलांडताना लागलं तर मात्र हे कलम कामाचं नाही. दावा रेल्वे दावा न्यायाधिकरणात, वर्षाच्या आत.

विजेची तार तुटून पडली होती…

इथे कायदा सगळ्यात कडक आहे. मध्य प्रदेशात पावसाळी रात्री सायकलवरून घरी जाणारा माणूस पाण्यातल्या जिवंत तारेने गेला. वीज मंडळ म्हणालं, कुणीतरी आकडा टाकून वीज चोरत होतं, तार त्याची. सुप्रीम कोर्टाने २००२ मध्ये ऐकलं नाही: धोकादायक वस्तू तुम्ही खेळवता, ती निसटली तर तुम्हीच भरा. विद्युत निरीक्षकाच्या अहवालाची प्रत मागून घ्या, दाव्याचा कणा तोच.

गॅस सिलिंडरचा स्फोट झाला तर?

तेल कंपन्यांचा विमा असतो, त्याचा हप्ता तुम्ही वेगळा भरत नाही म्हणून तो माहीत नसतो. मृत्यूला माणशी ६ लाख, उपचारांना माणशी २ लाखांपर्यंत. घटना लगेच वितरकाला लेखी कळवा. मुदत संपलेली रबरी नळी मात्र वाद उभा करते.

डॉक्टरांची चूक कशी ओळखायची?

गुण आला नाही म्हणजे चूक झाली, असं नव्हे. त्या शाखेतला साधारण कुशल डॉक्टर जे करेल, ते केलं का, ही कसोटी. आपल्याकडचा जुना खटला कोकणातला आहे: १९५३ मध्ये पालशेतच्या किनाऱ्यावर विशीतल्या तरुणाचं मांडीचं हाड मोडलं, पुण्यात आणलं, आणि पुरेशी भूल न देता हाड जोर लावून बसवल्याने तो दगावला, असा आरोप होता. १९६८ मध्ये सुप्रीम कोर्टाने डॉक्टरांना दोषी धरलं. भरपाई तीन हजार रुपये. आज अशा तक्रारी बहुतेक ग्राहक आयोगात जातात. जिथे सगळ्यांवरच मोफत उपचार होतात ते रुग्णालय त्यातून सुटतं. संपूर्ण केसपेपर लेखी मागा आणि त्याच शाखेतल्या दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा. ते "हो" म्हणाले तरच पुढे जा.

वकील म्हणतात फी नको, निकालानंतर तीस टक्के द्या. चालेल?

असा टक्केवारीचा करार करायला भारतात वकिलांना मनाई आहे. हॉस्पिटलच्या कॅन्टीनमध्ये "दादा, केस करायची का" म्हणत फिरणारी मंडळी कोऱ्या वकालतनाम्यावर आणि बँकेच्या फॉर्मवर सह्या घेतात. तिथे पेन खाली ठेवा. फी ठरवून घ्या, पावती घ्या. महिला, मुलं, अपंग व्यक्ती, अनुसूचित जाती-जमातींतले लोक यांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. हेल्पलाइन १५१००. आणि निकालाची रक्कम आली की ती बऱ्याचदा थोडी हातात, बाकी मुदत ठेवीत अशी मिळते. उपचारासाठी लागली तर ठेव मोडायची परवानगी त्याच न्यायाधिकरणाकडे मागायची, अर्जासोबत डॉक्टरांचा खर्चाचा अंदाज जोडून.